बुधवारी टाके मोजायचे नाहीत

आमच्या संस्थेच्या मासिक बैठकीत गेल्या वर्षी एका किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नावरून बरीच वादावादी झाली. वस्तीतल्या केंद्रावर दर बुधवारी दुपारी पंधरा-वीस बाया जमतात आणि गोधडी शिवतात. या उपक्रमाची नोंद वार्षिक अहवालात कोणत्या रकान्यात करायची? आरोग्यात बसेना. कायदा-साक्षरतेत बसेना. उत्पन्नवाढीत घालावं तर त्या गोधड्या विकल्या जात नाहीत. शेवटी एक सहकारी वैतागून म्हणाली, "अगं, मग हे चाललंय तरी कशासाठी?" मी म्हणाले, "बायांना बरं वाटतं म्हणून." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि बुधवारची दुपार ‘इतर’ या रकान्यात ढकलून आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

घरी आल्यावर मात्र ते हसणं मला टोचायला लागलं. बाईला झालेली मारहाण आपण नोंदवतो, तिचं हिमोग्लोबिन नोंदवतो, तिची बचत नोंदवतो. तिला बरं वाटणं, तिने दोन तास कुणासाठीही नसलेलं काहीतरी करणं, तेसुद्धा तिला धड येत नसताना करणं, हे मात्र आपण हसण्यावारी नेतो. मैत्रिणींनो, मला याबद्दल थोडं बोलायचं आहे. त्यासाठी माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे. ती ओघात येईलच.

सुईशी माझं भांडण जुनं आहे. सहावीत कार्यानुभवाच्या तासाला आम्हा मुलींना हातरुमालाला तुरपाई घालायला शिकवत. मुलांना त्या तासाला बागकाम, म्हणजे मैदानावर हुंदडणं. आमच्या बाई पट्टी घेऊन रांगेतून फिरायच्या. एखादा टाका लांब दिसला की पट्टीचं टोक तिथे टेकवायचं आणि एकच शब्द, "उसव." माझा रुमाल त्या वर्षी इतक्या वेळा उसवला गेला की कडेचं कापडच विरलं. ‘मुलीच्या हाताला वळण नाही’ हा शेरा घरी पोहोचला. आई म्हणाली, "सासरी गेल्यावर आमचं नाव काढशील तू." रुमाल माझा, टाके माझे, आणि नाव मात्र आईचं जाणार होतं! भाकरी गोल हवी, रांगोळीची रेघ सरळ हवी, टाका बारीक हवा. मुलगी घडते आहे की नाही हे या तीन गोष्टींवरून ठरायचं, आणि ठरवणाऱ्या बहुतेक वेळा बायाच असायच्या.

पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना स्त्री-चळवळीचं वाचन झालं आणि माझ्या रागाला शब्द मिळाले. जुन्या महिला मंडळांचे शिवणवर्ग, भरतकाम, पापड-लोणची यांच्यावर चळवळीने जी टीका केली होती ती मी उत्साहाने पाठ केली. बाईला घरातच गुंतवून ठेवायचं आणि त्याला विकास म्हणायचं, ही ती टीका. तिच्यात तथ्य होतं आणि आजही आहे. पण माझ्या बाबतीत त्या टीकेखाली सहावीतली फजितीही लपलेली होती, हे मला फार उशिरा कळलं. मी सुई टाकून दिली ती विचाराने टाकली असं सांगत असे. खरं म्हणजे मला ती भीतीनेही सुटली होती.

२०२१ च्या पावसाळ्यात मी पार थकून गेले होते. टाळेबंदीनंतर केंद्रावर येणाऱ्या तक्रारींचा ओघ आवरत नव्हता. त्यातच आमच्याकडे दोनदा येऊन गेलेल्या, दोन्ही वेळा समेट करून घरी परत पाठवलेल्या एका मुलीचं जे झालं ते मी इथे लिहीत नाही. रात्री झोप लागत नसे. दिवसा समोरची बाई बोलत असायची आणि माझ्या कानात शब्द शिरत नसत.

अशाच एका दुपारी केंद्राच्या ओसरीवर चार-पाचजणी दुपटं शिवत बसल्या होत्या. गटातल्या एकीची सून बाळंत झाली होती. मी कडेला उभी राहून बघत होते तर एका आजींनी सरकून जागा केली. "ताई, बसा की हितं. सुई धरा."

मी म्हटलं, "आजी, मला येत नाही."

"येत न्हाई तर न्हाई. तुमी टाकं घाटल्यावर कापाड फाटतंय व्हय?"

मी बसले. टाके घातले. पहिली ओळ अशी गेली की नांगर धरलेला माणूस मध्येच झोपला असावा. मी ओशाळून म्हटलं, "हे उसवू का?" आजींनी मान वर न करताच सांगितलं, "आता ते पोरगं टाकं मोजणार हाय काय? म्होरं चला." कुणीतरी मला ‘उसव’ म्हणालं नाही, असं सुई हातात घेतल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं. तासाभराने मी उठले तेव्हा लक्षात आलं की त्या तासात मी कशाचाही विचार केला नव्हता. त्या रात्री झोप लागली असं लिहायचा मोह होतो आहे, पण तसं काही झालं नाही. फक्त पुढच्या आठवड्यात मी परत तिथे जाऊन बसले.

ज्यांनी गोधडी शिवताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शहरातल्या मैत्रिणींना गोधडी माहीत असते ती घडी घालून कपाटात ठेवलेली. शिवताना ती सगळी खोली अडवते. जमीन झाडून पुसून घ्यायची. जुन्या साड्यांचे, धोतरांचे तीन-चार थर एकावर एक अंथरायचे. कडांवर दगड, वरवंटा, जे जड असेल ते ठेवायचं. मग गुडघ्यांवर बसून हाताने थोपटत मधल्या सुरकुत्या कडेला काढायच्या. हे काम मला सगळ्यात आवडतं. लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरवायचे, वर रंगीत ठिगळं मांडायची, आणि चार बाजूंना चौघीजणी बसून धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे यायचं. आमच्याकडे, म्हणजे सांगली-कोल्हापूरकडे, जाड असली की तिला वाकळ म्हणतात. जुनं कापडच लागतं, कारण धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड सुईला वाट देतं आणि अंगाला टोचत नाही.

चौघींचे चार हात, म्हणून टाके कधीच एकसारखे येत नाहीत. एकीचा टाका मुंगीसारखा, दुसरीचा गहू, तिसरीचा भुईमुगाची शेंग. दोघींच्या ओळी मध्ये भेटतात तिथे गाठ पडते, सुरकुती येते. त्यात आता सुती लुगडी मिळेनाशी झाली आहेत. सिंथेटिक साडी सुईखालून घसरते. सुती आणि सिंथेटिक एका गोधडीत आलं की पहिल्या धुण्यात एक आटतं, दुसरं आटत नाही, आणि जागोजागी फुगवटे येतात. म्हणजे नीटनेटकी गोधडी करायचीच म्हटलं तरी ती होणं अवघड. बायांना हे ठाऊक असतं आणि त्यांचं काही अडत नाही. आमच्या एका गोधडीत एका कोपऱ्यापाशी मध्येच टाक्यांची दिशा बदललेली आहे. तिथे एकीचं बाळ रडायला लागलं म्हणून ती उठली आणि दुसरीने उलट्या हाताने पुढे नेलं. आता ती गोधडी अंथरली की कुणीतरी बोट ठेवून म्हणतं, "हितं ते रडलं."

गोधडीचं गोड चित्र रंगवायचं नाही, हेही सांगून टाकते. आपल्या आज्यांनी गोधड्या शिवल्या त्या घरात घोंगडं-रजई घ्यायला पैसे नव्हते म्हणून, आणि बऱ्याचदा रात्री चिमणीच्या उजेडात डोळे फोडून. दारोदार फिरून मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बाया आहेत, त्यांना कुणी छंद विचारत नाही. आणि जातही आहेच. आमच्या पहिल्या मोठ्या गोधडीच्या वेळी एकीने हळूच विचारलं, "ह्यात कुणाकुणाची लुगडी हायती?" प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळला. आजी म्हणाल्या, "धुतल्याली हायती." ती बाई पुढचे दोन बुधवार आली नाही, मग आली. तिचं मन बदललं की घरी करमेना म्हणून आली, मला माहीत नाही. गोधडीने जात गेली वगैरे लिहायची माझी तयारी नाही. पण तिची साडी कोणत्या थरात आहे हे आता तिलाही सांगता येत नाही.

तर असे बुधवार चालू झाले. कुणी ठरवले नाहीत, पडत गेले. दुपारी दोन ते चार ही वेळ बायांनीच निवडली. सकाळची कामं उरकलेली, नळाला पाणी साडेचारला. बोलणं चालायचं, गाणी व्हायची, कधी अर्धा तास कुणीच बोलायचं नाही. मला एक गोष्ट लक्षात आली. समुपदेशनाच्या खोलीत, टेबलाच्या पलीकडून, मी डोळ्यांत बघून विचारल्यावर ज्या गोष्टी बाहेर येत नाहीत त्या इथे सहज येतात, कारण सगळ्यांच्या नजरा कापडावर असतात. नवऱ्याबद्दल, दिराबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल. हे लिहिलं आणि लगेच मला माझीच शंका आली. बघा, मी परत तेच केलं. बुधवारचा काहीतरी ‘उपयोग’ शोधून काढला, म्हणजे अहवालात जागा होईल. नको. तो उपयोग होत नसता तरी बुधवार चालू राहायला हवा होता, हेच तर मला म्हणायचं आहे.

आता ती चूक.

२०२३ च्या सुरुवातीला आम्हाला मदत देणाऱ्या एका निधी-संस्थेचे लोक भेटीला आले. त्यांनी ओसरीवरच्या गोधड्या पाहिल्या आणि ते हरखून गेले. शहरात याला केवढी मागणी आहे म्हणून सांगितलं. मी तर उडालेच. बायांना बसल्या जागी पैसे! सहावीतल्या त्या पट्टीला केवढं सणसणीत उत्तर! बायांना विचारलं का? विचारलं, पण ‘पैसे मिळणार आहेत, करायचं ना?’ असं विचारलं. या प्रश्नाला गरीब बाई नाही कशी म्हणेल?

मग मोजमापं आली. पाच फूट बाय सात फूट. रंगसंगती ठरलेली. टाका पाव इंचाचा, ओळींमधलं अंतर एक इंच. जुनं कापड शहरातल्या गिऱ्हाइकाला चालणार नाही म्हणून ठाणातून नवं कापड फाडून आणलं. त्याला खळ, सुई जाता जात नाही. आजी म्हणाल्या, "नव्या कापडाची कसली गोधडी? ती तर चादर." दर गोधडीमागे जी रक्कम ठरली ती लागलेल्या दिवसांनी भागली तर खुरपणीच्या मजुरीपेक्षा कमी येत होती. हा हिशेब आम्ही बराच उशिरा मांडला, कारण बायांच्या हातच्या कामाला वेळ लागतो हे आपणही धरत नाही.

माल तपासायला कुणीतरी हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं. मी पट्टी आणि खडू घेऊन बसले. हो, पट्टी! तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. टाका मोठा असेल तिथे खडूने फुली मारायची, एवढंच काम.

एक मावशी होत्या. नजर अधू झालेली, मोतिबिंदू पिकायचा होता. त्यांचे टाके लांब आणि तिरपे, पण हात भराभर चालायचा आणि तोंडही. बुधवारची निम्मी गंमत त्यांच्यामुळे होती. त्यांच्या बाजूला मी एका दिवशी अकरा फुल्या मारल्या आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "मावशी, एवढं जरा उसवून घेता का?" त्या काही बोलल्या नाहीत. गोधडी घरी घेऊन गेल्या, नातीकडून उसवून घेतली, घडी घालून नातीच्याच हाताने केंद्रावर पाठवली. स्वतः आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्यामागून आणखी दोघी गळाल्या. राहिलेल्या बाया मान खाली घालून शिवायच्या, एकमेकींच्या टाक्यांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायच्या. "हिच्या टाक्यांपायी आमची गोधडी परत आली," असं भांडण झालं. गाणी बंद झाली. सहा महिन्यांनी तो प्रकल्प संपला तेव्हा अहवालात आम्ही लिहिलं, ‘महिलांमध्ये गुणवत्तेबाबत जाणीव निर्माण झाली.’ ते वाक्य मीच लिहिलं आहे.

यावर माझ्या सहकारी मैत्रिणीचं म्हणणं असं, आणि ते मला डावलता येत नाही: "तुला पगार आहे, म्हणून तुला बिनपैशाच्या गोधडीचं कौतुक. त्या बायांना रोजगार हवा आहे. छंद, विरंगुळा हे पोट भरलेल्यांचे शब्द आहेत." रोजगार हवाच आहे, आणि तो योग्य मजुरीने हवा आहे, यात वाद नाही. पण या म्हणण्यात एक गृहीतक आहे, ते मला खुपतं. गरीब बाईला जगायला फक्त पैसा लागतो, बाकीचं सगळं आपल्यासारख्यांना लागतं, असं ते गृहीतक. वस्तीतला तिचा नवरा संध्याकाळी पारावर बसतो, पत्ते कुटतो, कॅरम खेळतो. तो कॅरम चांगला खेळतो की वाईट हे कुणी विचारत नाही. त्या खेळातून उत्पन्न काय, असंही कुणी विचारत नाही. त्याचा मोकळा वेळ त्याचा असतो.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळ-वापराची पाहणी केली. त्यात दिसलं की सहा वर्षांवरच्या बाया-मुलींपैकी ८१ टक्के जणी रोज बिनपगारी घरकाम करतात, पुरुषांपैकी २६ टक्के. ज्या करतात त्यांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, जे करतात त्यांची ९७. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, आणि यात पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं चोविसावं कलम विश्रांतीचा आणि मोकळ्या वेळाचा हक्क देतं. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारे शब्द बदलून ‘सर्व मानव’ करायला लावणाऱ्या आपल्या हंसा मेहता होत्या. पण चोविसावं कलम पुढे बोलतं ते कामाच्या तासांवरच्या मर्यादेबद्दल आणि पगारी सुट्ट्यांबद्दल. जिच्या कामाला तासच नाहीत आणि पगारही नाही तिची सुट्टी कुठून सुरू होणार?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. एका तरुण कार्यकर्तीने विचारलं, "ताई, मग हातात सुई तरी कशाला? नुसतं बसू दे ना त्यांना." बरोबर आहे. बाया नुसत्या बसल्या तर सासू ओसरीपर्यंत येते. शिवत बसल्या तर येत नाही. सुई ही परवानगीची चिठ्ठी आहे. आपल्या आज्यांनी, आयांनी विश्रांती घेतली ती अशीच कामाच्या पदराआड, निवडणं-टिपणं, वाती वळणं, विणकाम. हे मला खटकतं, आणि तरी बुधवार बंद करावेसे वाटत नाहीत. पण चिठ्ठी म्हणून घेतलेल्या सुईलाही आपण गुण द्यायला लागलो, तर मग उरलं काय?

उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाच्या बाया गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांतले कित्येक पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. या कवंदीचे चार कोपरे पुरे झाले की तिथे कापडाची घडी घालून छोटे तिकोनी तुकडे लावतात. त्यांना फुला म्हणतात. त्या फुलांनी ऊब वाढत नाही, कापड टिकत नाही. पण फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, असं त्या बाया मानतात. मला हे फार आवडलं. जिथे चिंधी न चिंधी वापरायची वेळ, तिथेही चार चिंध्या बिनकामाच्या म्हणून राखून ठेवलेल्या.

आणि विक्रीचा पेच आमच्याच वाट्याला आला असंही नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या एका मोठ्या वळणात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथली कृष्णवर्णीय कुटुंबं म्हणजे कापसाच्या मळ्यावर राबवल्या गेलेल्या गुलामांचे वंशज. बाया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, घरं गारठ्याची होती म्हणून. १९६० च्या दशकात मताधिकाराची चळवळ तिथे पोहोचली. मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल लोकांना घरांतून, कामांवरून काढलं गेलं. त्या काळात, १९६६ साली, त्या परिसरातल्या बायांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. न्यूयॉर्कच्या बड्या दुकानांच्या मागण्या आल्या. पैसा आला, आणि तो त्या बायांच्या हक्काचा होता. पण दुकानांना एका नमुन्याची, एका मापाची, नीटस गोधडी हवी होती. १९७२ साली सिअर्स या कंपनीचं उशांच्या कॉर्डरॉय अभ्र्यांचं काम मिळालं. त्यात तर मन घालायला जागाच नव्हती.

मग त्यांनी काय केलं? कामावरची कॉर्डरॉयची उरलेली कात्रणं घरी नेली आणि त्यांच्या आपल्या गोधड्या शिवल्या, वाकड्या, एका बाजूला झुकलेल्या, मध्येच रंग बदलणाऱ्या. अशा गोधडीला त्या ‘माय वे’ म्हणत, माझ्या मनासारखी. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत टांगल्या गेल्या त्या याच मनासारख्या शिवलेल्या गोधड्या, आणि २००६ साली टपाल तिकिटांवरही आल्या.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा सगळ्यांना एकदम पटलं. "म्हणजे वाकडं असलं तरी ती कला असते!" मला तसं म्हणायचंच नव्हतं. संग्रहालयात गेली म्हणून ती वाकडी गोधडी चालणार असेल तर सहावीच्या बाईंची पट्टी आपण फक्त जरा लांब केली. आमच्या बुधवारच्या गोधड्या कुठल्याही संग्रहालयात जाणार नाहीत. माझी बाजू तर नक्कीच जाणार नाही. तीन वर्षांनीही माझी ओळ डावीकडे झुकते. ती कला नाही. तिच्यातून मला पैसा मिळत नाही, माझा हात सुधारलेला नाही आणि मला शिवायला आवडतं, एवढंच.

आम्ही कार्यकर्त्या यात सगळ्यात मागे आहोत, असं मला दिसतं. शिबिरात बायांना ‘स्वतःसाठी वेळ काढा’ म्हणून सांगायचं आणि रात्री बारापर्यंत अहवाल लिहायचे. एखादी गाणं म्हणायला लागली तर ते चळवळीचं गाणं असलं पाहिजे, चित्र काढलं तर ते पोस्टर. जिला चांगलं गाता येतं तिनेच गायचं, बाकीच्यांनी टाळ्या. सुगरण, सुशील, सुबक यातली सुगरण आपण नाकारली आणि तिच्या जागी सर्वगुणसंपन्न कार्यकर्ती बसवली. तिचाही टाका कुठे चुकता कामा नये.

गेल्या वर्षीच्या त्या वादानंतर काही गोष्टी आम्ही ठरवल्या आहेत. ज्यांना शिवणाचं काम रोजगार म्हणून हवं आहे त्यांचा वेगळा गट आहे. तो सोमवारी आणि शुक्रवारी बसतो. तिथे माप आहे, तपासणी आहे, आणि मजुरी गोधडीवर नाही, तासावर ठरते. दर बायांनी मांडला, आम्ही नाही. बुधवारची गोधडी विकायची नाही. पुरी झाली की चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिने न्यायची. मात्र जिच्या घरी बाळ किंवा आजारी माणूस असेल तिला आधी. ज्यांना सुई धरता येत नाही त्यांनीही यायचं. बुधवारी केंद्रात पट्टी नाही आणि ‘उसव’ हा शब्द नाही. एकीने विचारलं, "आन माझं मलाच वाईट दिसलं तर?" त्यावर बराच वेळ चर्चा झाली. ज्याचं त्याने उसवावं, दुसरीने सांगू नये, असं ठरलं. अहवालात आता वेगळा रकाना आहे, ‘विरंगुळा’. त्यापुढे आम्ही फक्त किती बुधवार बसलो तो आकडा लिहितो.

त्या मावशींच्या घरी मी तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा त्यांनी चहा दिला आणि पावसापाण्याचं बोलल्या. तिसऱ्या वेळी मी फुल्यांबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आगं, तुजं काय चुकलं? माझंच डोळं गेलं." हे ऐकणं त्यांनी रागावण्यापेक्षा जड गेलं. मोतिबिंदूचं ऑपरेशन आम्ही लागून करून घेतलं. दिवाळीनंतर एका बुधवारी त्या आपणहून आल्या. सुईत दोरा ओवायला नातीला बरोबर आणलं होतं, सवयीने, पण तो त्यांचा त्यांनाच ओवता आला. टाके अजून तसेच आहेत, लांब आणि तिरपे. तोंडही चालू झालं आहे. माझ्या बाजूला मात्र अजून बसत नाहीत, समोरच्या कडेला बसतात. या गोधडीत आम्ही दोघी दोन्हीकडून मध्याकडे येतो आहोत. अजून हातभर कापड बाकी आहे.